पीळ सुटलेली पांढरी

माझी एक खोड आहे. समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं, की मी "पुढं?" म्हणून विचारते. वाक्य पुरतं झालेलं असलं तरी विचारते. नवरा म्हणतो, "पुढं काही नाही, चहा दे, एवढंच होतं." मुलगी पुण्याहून फोन करते आणि शेवटी मुद्दाम "आई, वाक्य संपलं बरं का," असं सांगून हसते. घरात यावरून माझी भरपूर चेष्टा होते आणि मी ती होऊ देते, कारण खरं कारण सांगायचं तर परंड्याच्या बाजूच्या त्या गावात, त्या खोलीत, त्या पडद्यासमोर पुन्हा जाऊन बसावं लागतं. इतकी वर्षं ते टाळलं. आता माझेच केस पांढरे झाले, टाळून टाळून किती टाळणार? गावाचं नाव मात्र लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

माझे वडील, आप्पा, टेलिफोनच्या केबली जोडायचे. जमिनीखालून गेलेली केबल कुठं तुटली, कुजली, उंदरानं कुरतडली, की खड्डा खणून ती उघडायची आणि केसाएवढ्या तारा पुन्हा एकेक करून जोडायच्या, हे त्यांचं काम. केबलीत पाणी शिरू नये म्हणून आत एक चिकट मलम भरलेलं असतं. ते साबणानं जात नाही, रॉकेलनं जातं. त्यामुळं माझ्या लहानपणाचा वास रॉकेलचा आहे. आई आप्पांना आधी राखेनं, मग साबणानं हात घासायला लावायची, तरी त्यांच्या ताटातल्या भाकरीला तो वास यायचाच. "तुमी भाकर खाताय का चिमणी?" असं ती विचारायची, आणि आप्पा शेंगदाण्याच्या चटणीवर तेल ओतत निवांत म्हणायचे, "दोनी. म्हनून तर उजेड पडतो."

कापून उरलेल्या रंगीत तारांचे तुकडे घरभर असायचे. आमची मच्छरदाणी त्या तारांनी बांधलेली, तुटलेल्या चाळणीची कड त्यांनी शिवलेली, आणि माझ्या हातात शाळा सुटेपर्यंत त्याच तारांच्या बांगड्या. मला अक्षरांच्या आधी आप्पांचे रंग पाठ झाले होते: निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. प्रत्येक रंगाच्या तारेबरोबर एक पांढरी तार पिळलेली असते. दोघींची मिळून एक जोडी, आणि एका जोडीवर एक फोन. पण पांढऱ्या सगळ्या सारख्याच. निळीची पांढरी कुठली आणि नारंगीची कुठली, हे फक्त पिळावरून कळतं. एकदा पीळ सुटला की प्रत्यक्ष केबल बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. "पांढरीला सोताचं नाव नसतंय," आप्पा मला शिकवायचे. "जिच्यासंगं पिळली, तिची." चुलीपाशी बसलेल्या आईनं यावर एकदा न वळताच उत्तर दिलं होतं, "आमच्यावानीच की मग."

आप्पांबरोबर खड्डे खणायला हुसेनचाचा असायचे. वीस-बावीस वर्षांची जोडी. चाचा खणायचे, आप्पा जोडायचे, आणि ऊन असेल तर चाचा वर छत्री धरून उभे राहायचे. छत्री काळी, तिच्या दोन काड्या मोडलेल्या, त्याही तारेनं बांधलेल्या. चाचा अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलायचे. मी जोड बघायला खड्ड्यात वाकले की वरून ओरडायचे, "बेटी, बाप का काम देख, पर हात मत लगा. पीळ सोडशील तर तेरा बाप मला सोडनार नाही." आप्पांचा नियमच होता: जोडताना पीळ उघडायचा तो नखाएवढा, जास्त नाही. आमच्याकडं सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं म्हणतात ते हट्टी माणसाला हिणवायला. आप्पा मात्र ही म्हण कौतुकानं वापरायचे. चाचांच्या घरून चाची अंबाडीची भाजी पाठवायच्या. वर लसणाची फोडणी घातलेली आणि इतकी आंबट की आईचे डोळे मिटायचे, तरी डबा रिकामा करूनच परत जायचा.

मी सोलापूरला राहून संगणकांची जोडणी शिकले आणि परत आले, त्याच सुमाराला गावातल्या छोट्या दवाखान्यात एका संस्थेनं एक खोली थाटली. खोलीत एक मोठा टीव्ही, त्यावर कॅमेरा, खाली एक पेटी. मंगळवारी आणि शुक्रवारी शहरातला मोठा डॉक्टर त्या टीव्हीत दिसायचा, आणि रोग्याला त्याच्यासमोर खुर्चीत बसवायचं. पेटी चालवायला माणूस हवा होता. मी एकटीच शिकलेली सापडले. गावानं मला लगेच "टीव्हीवाली सुजाता" करून टाकलं.

चालायचं ते असं. तेव्हा आपल्याकडं आजच्यासारखं जलद इंटरनेट नव्हतं. टेलिफोनच्याच तारेवरून, नंबर फिरवून, ही आकड्यांची लाइन जोडायची. एका लाइनीवर माणसाचा चेहरा मावत नाही, म्हणून दोन लाइनी घेऊन पेटीत एकत्र बांधलेल्या. चेहऱ्याचे आणि आवाजाचे बारीक तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. दोन बायकांनी विहिरीवरून आळीपाळीनं हंडे आणून एकाच रांजणात ओतावेत, तसे ते दोन लाइनींवरून येतात आणि पेटी त्यांचा पुन्हा चेहरा करते. त्या दोन लाइनी एक्स्चेंजपासून दवाखान्यापर्यंत आप्पांनीच आणल्या होत्या. ओढ्याजवळ करंजाच्या झाडाखाली त्यांचा जोड होता. उद्घाटनाच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या भिंतीला टेकून उभे होते, आणि टीव्हीत डॉक्टर दिसल्यावर त्यांनी चाचांना कोपरानं ढोसलेलं मी पाहिलं.

पहिल्या आठवड्यापासूनच तुकडे हरवायला लागले. डॉक्टरांचा चेहरा मध्येच चौकोनाचौकोनात फुटायचा, ओठ उघडे राहायचे, शब्दाचं शेपूट गळून पडायचं. "दिवसातून दोन..." एवढंच यायचं, आणि गोळ्या का चमचे हे पुन्हा विचारावं लागायचं. आमच्याकडून तिकडं मात्र सगळं नीट जात होतं. ते आम्हाला स्वच्छ बघायचे. रोगी हसायचे. एक म्हातारी तर म्हणाली, "ह्यो डाक्टर तोतरा हाय का गं?" मीही हसले. तक्रार केली तर पेटीवाले फोनवरून सांगायचे, लाइन तपासा. लाइनवाले सांगायचे, लाइन चोख आहे, पेटी तपासा. या टोलवाटोलवीत महिना गेला आणि आम्हाला त्या तुटक बोलण्याची सवय झाली. आज मला सगळ्यात जास्त राग येतो तो या सवयीचा.

एका मंगळवारी खुर्चीत हुसेनचाचा येऊन बसले. छाती भरून येते, चार पावलं चाललं की दम लागतो. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. कॅमेऱ्याकडं बघून आधी सलाम केला. आमच्या सिस्टरनी, म्हणजे तिथल्या एकमेव नर्सनी, चाचांच्या हृदयाच्या ठोक्यांची काढलेली कागदी पट्टी कॅमेऱ्यापुढं धरली. डॉक्टर पुढं झुकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, नीट ऐका. यांना आज घरी सोडू..."

आणि चेहरा फुटला. तुकडे जमले तेव्हा पडद्यावर ते थिजलेले होते, उजवा हात वर, पंजा आमच्याकडं. मग तेही गेलं आणि निळा पडदा उरला. पुढची वेळ दुसऱ्या गावाच्या खोलीची होती. सिस्टरनी "बरं सर" म्हणून मान हलवली होती, ती सवयीनं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "काय म्हणाले गं? घरी सोडू म्हणाले ना?"

मी म्हणाले, "व्हय. सोडू म्हणाले."

मराठीत हे वाक्य पुरं आहे. "आज घरी सोडू." त्याला काहीही कमी नाही. आपल्या भाषेत नकार सगळ्यात शेवटी येतो, सगळं बोलून झाल्यावर, चप्पल घालता घालता सांगितल्यासारखा. तो येईतो थांबावं लागतं. मी थांबले नाही. चाचांनी मात्र त्या वर केलेल्या हाताला उत्तर म्हणून स्वतःचा हात वर केला, आणि माझ्याकडं बघून हसले. "देखा बेटी? इतना बडा डाक्टर, मला टाटा केला." मग टोपी नीट केली आणि आपल्या पायांनी घरी गेले. त्याच दिवशी दिवस मावळताना अजान झाली, चाचा नमाजाआधी वजू करायला नळाखाली वाकले, ते उठले नाहीत.

आप्पा माती द्यायला गेले. परत आले ते उंबऱ्यावरच बसले. आईनं पाणी दिलं ते हातातच राहिलं. "जन्मभर त्यानं खड्डं खणलं," म्हणाले, "त्याचा मातूर दुसऱ्यांनी खणला." मग तांब्या खाली ठेवला. आमचं घर एक्स्चेंजच्या मागच्या भिंतीला लागून होतं. एक्स्चेंजच्या यंत्रांची टकटक भिंतीतून यायची, ती लहानपणापासून येत होती, पण त्या आठवड्यात पहिल्यांदा मला तिच्यामुळं जेवण जाईना.

शुक्रवारी डॉक्टर पडद्यावर आले तेव्हा खोलीत मी एकटीच होते. सिस्टर बाहेर रोग्यांचे केसपेपर लावत होत्या. डॉक्टरांनी समोरचा कागद बघून विचारलं, "त्या हुसेन यांना सोलापूरला हलवलं का? कसे आहेत?"

"सर, ते गेले."

"गेले? कुठं गेले? अहो, घरी सोडू नका म्हणालो होतो मी."

त्या दिवशी ते वाक्य अख्खं आलं. एक तुकडा हरवला नाही. मी नुसती बघत राहिले, आणि माझ्या बघण्यावरून त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, काहीतरी बोलले. पण आता पुन्हा चौकोन पडायला लागले होते. सिस्टर आत आल्या तेव्हा पडदा निळा होता. "काय म्हणत होते गं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "लाइन गेली."

त्यानंतरचे दिवस मी नीट सांगू शकत नाही. मला सगळीकडं तो शब्द ऐकू यायचा. आई शेजारणीला म्हणायची, "उन्हात बसू नका," आणि मी हातातलं काम ठेवून तिच्याकडं बघायचे. एसटीचा कंडक्टर "दारात उभं राहू" एवढं म्हणून शिंकला, तर मी पुढचं ऐकेपर्यंत श्वास धरून बसले. डोळे मिटले की तो वर केलेला पंजा दिसायचा. मी त्याला टाटा समजले होते. कुणीही शहाणं माणूस त्याला थांबा म्हणतं. मला वाटायचं, माझे कान फुटके, माझी अक्कल फुटकी, लाइनीचा काय दोष? आणि मग दुसरं मन म्हणायचं, आधी बघ तरी, दोष कुणाचा. म्हणून मी शोधायला लागले. न्याय वगैरे मोठं काही मनात नव्हतं. मला फक्त कुणीतरी दुसरं सापडायला हवं होतं.

तुकडा पोचतो का हे बघायची एक साधी रीत आहे. इथून एक हाक मारायची, पलीकडच्या पेटीनं तिला ओ द्यायची. शंभर हाका मारायच्या आणि किती ओ आल्या ते मोजायचं. रोग्यांचे वार सोडून उरलेल्या दिवशी मी दवाखान्यातल्या त्या खोलीत बसून दिवसभर हाका मारायचे आणि वहीत लिहायचे. दोन्ही लाइनी बांधून: एकदा सात हरवल्या, एकदा अकरा, एकदा वीस. भिंतीपासूनच्या वायरी बदलल्या, तेच. पेटीतल्या जागा बदलल्या, तेच. संस्थेकडून दुसरी पेटी मागवली, तिनंही तेच दाखवलं. मग मी पहिली लाइन काढून नुसती दुसरी चालवली. शंभर हाका, शंभर ओ. वाटलं, पहिलीच खराब. ती लावली आणि दुसरी काढली. शंभर हाका, शंभर ओ. मी वहीकडं बघतच राहिले. एकएकट्या दोघी धडधाकट. संगं चालायला लागल्या की एकमेकींच्या तोंडचं पळवतात.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांच्या पिशवीतून त्यांचा लाइन ऐकायचा फोन न विचारता नेला. पहिली लाइन पेटीला जोडलेली, तिच्यावरून हाका चालू. दुसरी भिंतीवरच सोडवून ठेवलेली. तिला काहीच जोडलेलं नाही, ती मुकी असायला हवी. मी तिला आप्पांचा फोन लावला आणि कानाला धरला.

ती मुकी नव्हती. तिच्यात सळसळ होती. तव्यावर मोहरी दूर कुठंतरी तडतडावी तशी बारीक, आणि मी पेटीवरच्या हाका थांबवून लाइन तोडली की ती थांबायची. पुन्हा जोडली की पुन्हा सुरू. एकीचं बोलणं दुसरीच्या अंगात शिरत होतं. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, बाहेर सिस्टर कुणाला तरी रागावत होत्या, आणि मला त्या सळसळीत चाचांचा श्वास ऐकू आला. नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी फोन कानावरून काढला नाही. आणि तसं ऐकता ऐकताच मला उमगलं की दोन लाइनींचं असं कशानं होतं. शिकवणारा मला घरातच मिळाला होता. पांढऱ्या बदलल्या होत्या. कुठंतरी जमिनीखाली निळीबरोबर नारंगीची पांढरी गेली होती आणि नारंगीबरोबर निळीची, पीळ एकीशी आणि संसार दुसरीशी. तारा कुठं तुटलेल्या नाहीत, म्हणून लाइनवाल्यांचं मीटर सगळं ठीक दाखवणारच. आणि तो जोड आप्पांच्या हातचा होता.

तीन दिवस मी घरात तोंड उघडलं नाही. दुसरं कुणी सापडावं म्हणून निघाले होते, आणि सापडलं ते माझंच माणूस. चौथ्या दिवशी सकाळी आप्पा कामावर जायच्या आधी भाकरी खात होते तेव्हा मी म्हणाले, "आप्पा, दवाखान्याच्या लाइनी एकएकट्या चालवल्या तर एक हाकबी वाया जात न्हाय. संगं चालवल्या की जातात."

त्यांचा घास थांबला.

"आनि एक काढून ठिवली तर तिच्यात दुसरीचा आवाज येतोय."

आप्पांनी घास ताटात ठेवला. आई माझ्याकडं बघत होती, हे काय चाललंय म्हणून. आप्पांनी हात धुतले, पिशवी घेतली, फावडं घेतलं, आणि दारातून म्हणाले, "तू बी चल."

करंजाखालचा खड्डा त्यांनी स्वतः खणला. मला फावड्याला हात लावू दिला नाही. जोडाचं आवरण उघडलं, रॉकेलच्या बोळ्यानं मलम पुसलं, आणि तारा तळहातावर पसरल्या. बघायला चष्मासुद्धा लागला नाही. चांगली वीतभर पीळ उघडलेला होता. ज्या माणसानं जन्मभर नखाएवढाच उघडला, त्याच्या जोडात वीतभर. ते तसेच उकिडवे बसून राहिले आणि बोलायला लागले, माझ्याशी का त्या तारांशी कुणास ठाऊक.

"पीळ उकलून मांडीवर घेतला व्हता. वर हुसेन छत्री धरून. एकाएकी छत्री खाली आली. बघतो तर ह्यो मातीत बसलाय, घामानं निथळतोय. म्या तारा टाकल्या, पानी पाजलं, वारा घातला. घटकाभरानं म्हनला, कुछ नै, धूप लगी, तू काम कर. म्या पुन्हा खाली बसलो. पांढऱ्या सुटल्या व्हत्या. माजं ध्यान जोडात नव्हतं, त्याच्याकडंच व्हतं. अंदाजानं जोडल्या." ते थांबले. मी थांबले. "खड्डा बुजवला, दवाखान्यात तारा जिथं उतरत्यात त्या खोक्यावर गेलो, तर फोनचा टोनच न्हाय. तवाच वळखलं, पांढऱ्या उलट्या बसल्यात. पर पुन्हा खड्डा उघडायचा म्हंजी पुन्हा त्यालाच खणाय लावायचं. त्याची ती दशा. म्हनून म्या खोक्यातच पांढऱ्या अदलाबदल केल्या. टोन आला. चालतंय म्हनलं."

चुकीवर चूक चढवली की कधी कधी काम चालतं. बोलण्याच्या साध्या लाइनीला ते चालूनही गेलं असतं, आयुष्यभर कुणाला कळलं नसतं. मी त्या खड्ड्याच्या कडेला बसले आणि त्यांना तो शब्द सांगितला. डॉक्टर काय म्हणाले होते, सिस्टरनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. हात वर कसा होता. आप्पांनी मान वर केली नाही. त्यांनी दोन नवे जोड केले, पीळ मोजून नखाएवढा उघडला, आणि खोक्यातल्या पांढऱ्याही परत जागेवर आणल्या. तेवढा वेळ त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात मात्र स्थिर होते. मी दवाखान्यात जाऊन दोन्ही लाइनी बांधून शंभर हाका मारल्या. शंभर ओ आल्या. वहीत ती ओळ अजून आहे. तिच्यापुढं मी काहीही लिहिलेलं नाही.

"हे कुनाकुनाला सांगितलंस?" आप्पांनी विचारलं.

"कुनालाच न्हाय."

"सिस्टरला म्या सांगतो. तिचा दोष न्हाय. पर आदी हुसेनच्या घरी, वैनीकडं जाऊ."

मी म्हणाले, आता सांगून काय उपयोग? माणूस परत येणार आहे का? आणि हे मी नुसतं भीतीनं म्हणत नव्हते, मला तसंच शिकवलेलं होतं. कागदपत्रं पाठवताना तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवतात. चेहरा आणि आवाज पाठवताना मागवत नाहीत. बोलणं पुढं गेलेलं असतं. उशिरा आलेला तुकडा पेटी टाकून देते. नियमच आहे तसा. हे मी आप्पांना समजावून सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पेटीला घरदार नसतंय, बाळ."

चाची पुढच्या खोलीत अंबाडी निवडत होत्या. भिंतीला ती काळी छत्री टांगलेली होती. आप्पा जमिनीवर बसले आणि टोपी काढून सरळ सांगितलं, "वैनी, माज्या हातनं पांढरी चुकली." मग खड्ड्यात सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. चाची निवडायच्या थांबल्या नाहीत. पानं एकीकडं, देठं एकीकडं. आप्पांचं बोलून झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तू व्हतीस ना गं तिथं? डाक्टर काय म्हनला व्हता?"

"घरी सोडू नका म्हनले व्हते, चाची. 'नका' आमच्यापातूर आला न्हाय. म्या सिस्टरला सोडू म्हनले, असं सांगितलं."

देठ मोडायचा आवाज थांबला. "मंग त्यो हात?" चाची म्हणाल्या. "घरी आले तर लई खुश व्हते. जेवताना दोनदा सांगितलं. बडे डाक्टरने हात उठाया मेरे वास्ते. म्या गल्लीत समद्यांना सांगितलंय. त्यो हात कशाचा व्हता?"

मला खोटं बोलता आलं असतं. आप्पांनीही माझ्याकडं बघितलं नाही, मला वाटतं मुद्दामच. "थांबा म्हनत व्हते," मी म्हणाले.

चाची कितीतरी वेळ त्या छत्रीकडं बघत राहिल्या. त्यांच्याकडं त्या दिवसाचं एवढंच एक चांगलं उरलं होतं आणि तेही मी घेऊन बसले होते. मग त्या पदराला हात पुसत उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. भांड्याचा आवाज आला. आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली. आता इथं बसायचा आम्हाला हक्क नाही, असं मला वाटलं, त्यांनाही वाटलं असणार. आम्ही दोघं उठलो. मी उंबऱ्यापाशी चप्पल शोधत होते, तेव्हा आतून चाचींचा आवाज आला.

"आत्ताच जाऊ..."

त्या खोकल्या. धूर झाला असावा. मी एक पाय चपलेत आणि एक पाय बाहेर अशी उभी राहिले, आप्पांचा हात धरून त्यांनाही थांबवलं, आणि वाट बघितली.

"...नका," चाची म्हणाल्या. "चहा टाकलाय."

आम्ही परत आत येऊन बसलो.